डाव्या खांद्यावरची बंदूक

शिशाच्या शिपायाचा टोप उतरवायचा तर करवत भुवयांच्या जरा वर धरावी लागते. फार वर धरली तर पागोटं टोपावर चढवल्यासारखं दिसतं, फार खाली आली तर शिपायाला कपाळच उरत नाही. धर्माजीने हे काही शिपाई वाया घालवून शिकून घेतलं. शिपाई विलायतेहून खोक्यांतून आलेले, बोटाएवढे उंच आणि आतून पोकळ. टोप कापला की डोक्यात काळं भोक दिसायचं. त्यात तो मेण आणि राळेचा लगदा भरायचा, वरून सरसात भिजवलेला बारीक सुती दोरा गुंडाळायचा आणि तो सुकला की सफेद्याचा हात द्यायचा. मग पिवडीत काजळ घालून केलेला खाकी, चेहऱ्याला गेरूचा सावळा रंग, आणि शेवटी खारीच्या शेपटीच्या दोन केसांच्या कुंचल्याने डोळे. विलायती गोरा निघून जायचा आणि त्याच्या बुटांत मराठा शिपाई उभा राहायचा.

हे काम किहीमला, हॅलम साहेबाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात चालायचं. साहेब मराठा पलटणीतून कर्नल होऊन निवृत्त झालेला. विलायतेत त्याचं कोणी उरलं नव्हतं म्हणे. नारळीच्या वाडीत बंगला घेऊन तो एकटाच राहायचा. मधल्या खोलीत त्याने एक भलंमोठं टेबल मांडलं होतं. त्यावर वाळू पसरलेली, वाळूत काचेच्या पट्ट्यांची नदी, नदीच्या वळणावर मातीची घरं, घरांपुढे बोटभर खोल खंदक. मुंबईहून त्याचा एक जुना मित्र बोटीने यायचा आणि दोघे मिळून त्या टेबलावर लढाई खेळायचे. फूटपट्टीने अंतरं मोजायची, फासे टाकायचे, गोळी लागली असं ठरलं की तो शिपाई आडवा करायचा.

धर्माजीला पहिल्यांदा हसू आलं होतं. त्याच्या गावात दिवाळीच्या किल्ल्यावर पोरं मातीचे मावळे मांडत, पण पिकल्या केसांचे दोन गोरे कमरेत वाकून बाहुल्या सरकवताहेत हे काही त्याने पाहिलं नव्हतं. मग त्याच्या ध्यानात आलं की लढाई दर वेळी तीच असते. तीच नदी, तेच वळण, तीच घरं. मागच्या महायुद्धात बसऱ्याच्या वर कुठेतरी साहेबाची पलटण वेढ्यात सापडली होती, उपाशी मरत होती आणि शेवटी शरण गेली होती. ती लढाई साहेबाला टेबलावर पुन्हा लढायची होती. अडचण एवढीच होती की त्याचे शिशाचे शिपाई झाडून सगळे गोरे होते आणि वेढ्यातली माणसं गोरी नव्हती.

म्हणून सन अठ्ठावीसच्या भाद्रपदात साहेब पेणेच्या एका गणपतीच्या कारखान्यात आला. तिथल्या मूर्तींचे डोळे त्याने एकेक करून पाहिले आणि ही आखणी कोणाची असं विचारलं. आखणी म्हणजे डोळे उघडण्याचं काम. ते मूर्तीत सगळ्यात शेवटी करतात आणि ते करायला कारखान्यात एखाददुसराच हात असतो. तो हात धर्माजीचा होता. साहेबाने खिशातून एक शिपाई काढून त्याच्यापुढे ठेवला आणि पलटणीच्या हिंदुस्तानीत विचारलं, ह्याला आपल्याकडचा माणूस करता येईल का. धर्माजीने शिपाई हातात घेऊन फिरवून पाहिला. करता आला असता. पण त्याने हो म्हटलं ते त्या कारणाने नाही. साहेबाने मराठा पलटण आणि बसरा हे दोन शब्द उच्चारले होते, आणि धर्माजीचा थोरला भाऊ भागोजी मराठा पलटणीतूनच बसऱ्याला गेला होता. तो परत आला नव्हता.

मेल्याची खबरही आली नव्हती. लढाई संपल्यावर ‘बेपत्ता’ एवढाच शब्द अलिबागेहून गावात पोहोचला. धर्माजीचं गाव पोयनाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे त्या शब्दाचं काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं. भागोजीची बायको गोदू तेव्हा जेमतेम वयात आलेली. तिने कुंकू लावणं चालू ठेवलं, भाताची लावणी-कापणी चालू ठेवली, आणि वर्षं गेली. अठ्ठावीसच्या फाल्गुनात त्याची खबर थांबल्याला बारा वर्षं पुरी झाली. बारा वर्षं माणसाचा पत्ता लागला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात आणि तो गेला असं धरतात. भटजींनी तसं सांगितलं, गावकीनेही सांगितलं. अडून बसली ती आई, आवडाबाई. जित्या पोराला मी जाळणार नाही, म्हणाली. त्याला मरताना डोळ्यांनी बघितलेला माणूस माझ्यापुढे आणा, त्याच्या तोंडून ऐकीन, मग माझ्या हाताने हिचं कुंकू पुसीन. आणि सासूने पुसल्याशिवाय गावकी पुढे पाऊल टाकायला तयार नव्हती.

इकडे नागोठण्याच्या बाजूला हिरामण नावाचा एक कुणबी होता. बायको वारलेली, घरात लहान पोर. त्याने गोदूच्या माहेरी पाटाचं, म्हणजे तिच्याशी दुसरं लग्न लावायचं विचारलं होतं. गोदूची ना नव्हती. पण ती धर्माजीला एवढंच म्हणाली, “भावजी, मला कोणाचं खोटं ऐकून कुकू पुसायचं न्हाय. मेला आसंल तर मेला म्हना, जिता आसंल तर जिता म्हना. ह्ये मधलं मला सोसवत न्हाय.”

तेव्हा धर्माजीला साहेबाकडून हवा होता तो साक्षीदार.

किहीमला गेल्यावर त्याने पहिल्याच दिवशी भावाचं नाव घेतलं. साहेबाने मान हलवली. पलटणीत भागोजी किती होते ते मलाच ठाऊक नाही, म्हणाला. शरण जायच्या आदल्या दिवशी पलटणीचे सगळे कागद जाळून टाकले होते, तेव्हा बघायलाही काही उरलेलं नव्हतं. दिसायला कसा होता, असं त्याने उलट विचारलं. धर्माजी सांगू लागला आणि थांबला. उंच, सावळा, मिशी होती. पलटणीत सगळेच तसे असणार. तोंडाने भाऊ सांगता येईना तेव्हा त्याने ठरवलं की तो करून दाखवायचा.

त्यासाठी त्याने गोळी झाडण्याच्या पवित्र्यातला शिपाई निवडला. पागोटं नेहमीसारखंच केलं. चेहरा मात्र सावकाश रंगवला. भागोजीच्या डाव्या गालावर, ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे गेलेला पांढऱ्या कोडाचा डाग होता, चिंचेच्या बोटकासारखा वाकडा. घरातलं कोड परक्यापुढे बोलत नाहीत म्हणून तो त्याने साहेबाला तोंडाने सांगितला नव्हता; आता सुईच्या टोकाने काढावा लागला. एवढ्याने काम झालं असतं. पण शिपाई समोर धरल्यावर धर्माजीला तो भाऊ वाटेना, आणि का वाटत नाही ते त्याला थोड्या वेळाने उमगलं. बंदूक उजव्या खांद्याला लावलेली होती. भागोजी डावरा होता. त्याचा विळासुद्धा लोहाराकडून उलट्या दात्यांचा करून घेतलेला. रानडुकरं भातात शिरली की पाटलाची ठासणीची बंदूक घेऊन तो बांधावर बसायचा आणि बार काढायचा तो डाव्या खांद्यावरून. गावातली माणसं त्याला हसायची.

मग धर्माजीने शिपायाचे दोन्ही हात खांद्यातून कापले. डाव्याच्या जागी उजवा नुसता लावून भागत नाही. कोपर उलट्या बाजूला वाकवावं लागतं आणि पुढचा हात नळीखाली आणावा लागतो. पोकळ शिशाला कथलाची डाक देऊन सांधा जोडणं म्हणजे जिवावरचं काम. डाक वितळते आणि शिसं वितळतं यांत फरक फार थोडा. सळई जरा जास्त तापली की सांधा जुळायच्या आधी खांदाच पाघळतो. त्याने राळ लावून, सळई टेकवताच उचलून, हळूहळू ते साधलं. शेवटी डोळे उघडले. आता बंदूक डाव्या खांद्याला होती, डावा हात चापावर, गालाशी. आणि उजवा हात पुढे, नळीखाली. हा भागोजी होता.

दुसऱ्या दिवशी त्याने तो बाकीच्या सुकलेल्या शिपायांत ठेवून दिला. साहेबाने नेहमीसारखं भिंग लावून एकेक पाहायला घेतलं. ह्या एकापाशी तो थांबला.

“इसकी बंदूक उलटी है,” तो म्हणाला. “पलटन में ऐसा नहीं चलता.” मग भिंग गालापाशी आलं. साहेबाने शिपाई उजेडाकडे नेला. “ये निशान तुमको किसने बताया?”

“माझा भाऊ हाय तो, साहेब. त्योच भागोजी.”

साहेब वेताच्या खुर्चीत बसला. धर्माजीला वाटलं, आता हा सांगेल. त्याला आनंदच झाला असावा. पण साहेबाने भावाबद्दल काही सांगितलं नाही. त्याने विचारलं, बंदूक उलटी का केली. धर्माजीने सांगितलं की भाऊ डावरा होता. पलटणीतसुद्धा, असं साहेबाने विचारलं. कवायतीत उजवा करत असेल, धर्माजी म्हणाला, पण एकटा असला, अंधार असला, जिवावर बेतलं, तर बंदूक त्याच्या डाव्याच खांद्याला जायची. ते त्याच्या हातात नव्हतं.

साहेब उठला. कोपऱ्यातली त्याची फिरायची काठी त्याने घेतली आणि बंदुकीसारखी उजव्या खांद्याला लावली. उजवा हात गालाशी आला. मग काठी डाव्या खांद्याला लावली. उजवा हात आता पुढे, दूर, काठीच्या टोकाकडे होता. साहेब त्या हाताच्या पंजाकडे बघत उभा राहिला आणि मग त्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मग त्याने सांगितलं. सलग नाही, मध्ये मध्ये थांबून, कधी इंग्रजीत जाऊन आणि परत येऊन. वेढा लांबला तेव्हा खायला घोडी उरली होती, आणि पुढे तीही संपत आली. काही शिपाई आपल्याच हाताने आपल्या पंजात गोळी झाडून घेत, म्हणजे खंदकातून सुटून इस्पितळात पडता येई. वरून हुकूम होता की असा माणूस सापडला तर गय करायची नाही. एका पहाटे भागोजी खंदकातून आला तो उजव्या तळव्यातून आरपार गोळी गेलेली घेऊन. तीन अंमलदार एका मातीच्या घरात न्याय करायला बसले. त्यातला एक हॅलम साहेब. भागोजी म्हणाला, गोळी समोरून आली. त्यांनी विचार केला की गोळी झाडताना शिपायाचा उजवा हात चापावर, गालाला चिकटून असतो. समोरून येणारी गोळी त्या तळव्यातून गेली तर चेहरा फोडल्याशिवाय कशी राहील? चेहऱ्यावर ओरखडा नव्हता. म्हणजे गोळी समोरून आली नाही. म्हणजे त्याने स्वतःच झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठच्या भिंतीशी त्याला उभं करून त्याच्याच कंपनीतल्या शिपायांकडून गोळ्या घातल्या.

“उसने बोला नहीं कि वो लेफ्टी है,” साहेब म्हणाला. “एक बार भी नहीं बोला.”

धर्माजीला ते ऐकून नवल वाटलं नाही. लहानपणी डाव्या हाताने भाकरी मोडली म्हणून बापाने भागोजीचा हात चुलीतल्या लाकडाने भाजला होता. डाव्या हाताने द्यायचं नाही, घ्यायचं नाही, देवाला फूल वाहायचं नाही. वडीलधाऱ्यांपुढे, परक्यापुढे, भटजीपुढे भागोजी उजवा होऊन बसायचा. तीन साहेबांपुढे तो दुसरं काय करणार होता? जे आयुष्यभर लपवलं ते सांगितल्याने जीव वाचेल हे त्याला सुचलंही नसेल.

साहेब मग थोड्या वेळाने असंही म्हणाला, की डावऱ्या माणसाला आपल्या उजव्या तळव्यावर गोळी झाडायची तर तो जास्तच सहज झाडू शकेल. तेव्हा काहीच सिद्ध होत नाही. धर्माजीने विचारलं, जखमेभोवती चामडी जळलेली होती का. बंदूक जवळून झाडली तर दारूने कातडं काळं पडतं, हे डुकरांवर बार काढणाऱ्या गावात कोणालाही ठाऊक असतं. साहेब म्हणाला, हात बांधलेला होता. पट्टी कोणी सोडून बघितली नाही.

“का न्हाय बघितली?”

साहेबाने भिंग उचलून खिशात टाकलं.

धर्माजी उठून समुद्राकडे गेला आणि ऊन उतरेपर्यंत वाळूत बसला. त्याच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या आणि त्या एकमेकींना भिडत नव्हत्या. एक म्हणजे भाऊ असा मेला. दुसरी म्हणजे साक्षीदार सापडला. आईने मागितला होता तसाच, डोळ्यांनी बघितलेला. आई मेलेला मुलगा पचवील, पण भिंतीशी उभं करून आपल्याच लोकांनी मारलेला मुलगा तिच्याने पचवला जाणार नाही असं त्याला वाटलं. परत येऊन त्याने साहेबाला सांगितलं, की माझ्या आईपुढे एवढंच म्हणा, तो मेला, मी पाहिलं. बाकी काही म्हणू नका.

साहेब लगेच तयार झाला. एवढ्या लगेच, की धर्माजीला त्याचा राग आला. लढता लढता मेला असं सांगतो, साहेब म्हणाला, आणि शेवटपर्यंत गोळ्या झाडत होता असं सांगतो. मग त्याने टेबलाच्या कडेला ठेवलेला तो शिपाई पुढे ढकलला. त्याच्याकडे न बघता म्हणाला, ह्याचे हात ठीक कर. असा तो माझ्या टेबलावर राहू शकत नाही.

पेणेत एकदा डोळे उघडले की मूर्तीला हत्यार लावत नाहीत. नाकाचा टवका उडाला तरी वरून रंगाने झाकतात, पण कानस चालवत नाहीत. ती आता बघते असं मानतात. धर्माजीने हा नेम कधी मोडला नव्हता. पण हे शिसं आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. गोदूवैनी सुटत असेल तर अशी दहा बाहुली उलटी-सुलटी करीन. त्याने शिपायाच्या चेहऱ्यावर ओलं फडकं गुंडाळलं, सळईची धग रंगाला लागू नये म्हणून, आणि हात पुन्हा कापले. बंदूक उजव्या खांद्यावर गेली. सांध्यावर खाकी रंग फिरवला तेव्हा कुठे काय जोडलं होतं हे त्याचं त्यालाही दिसेना.

नाताळाच्या आधी तो आई आणि गोदूला बैलगाडीतून किहीमला घेऊन आला. आवडाबाईला मोतीबिंदू होता. ती व्हरांड्याच्या पायरीवर हात चाचपत बसली. खुर्ची दिली तरी चढेना. साहेब काळा कोट घालून बाहेर आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. तो चांगलं बोलला, हे धर्माजीला कबूल करावं लागलं. भागोजी शेर होता, म्हणाला. अन्न नव्हतं, पाणी नव्हतं, तरी खंदक सोडला नाही, शेवटपर्यंत गोळ्या झाडत राहिला. माझ्या डोळ्यांदेखत पडला. नदीच्या काठी त्याला मूठमाती दिली. बोलून झाल्यावर त्याने टाचा जुळवून सलाम केला. त्यात खोटं किती आणि खरं किती हे धर्माजीला सांगता आलं नसतं.

आवडाबाई रडली नाही. तिने गोदूचा हात शोधला. मनगटापर्यंत आली, बांगड्यांवर तिची बोटं थांबली. एवढ्यात साहेबाला काय वाटलं कोण जाणे, तो आत गेला आणि टेबलावरचा तो शिपाई घेऊन आला. म्हातारीच्या तळहातावर ठेवत म्हणाला, ये आपका बेटा. आईला दिसेना. तिने तो गोदूपुढे धरला.

गोदूने बघितलं. आधी चेहरा, मग तो पांढरा डाग. डागाला तिने बोट लावलं. मग तिची नजर खाली आली. शिपाई परत न देता तिने मान वर केली आणि धर्माजीला म्हणाली, “भावजी, साहेबांना इचारा. तेंनी ह्यास्नी गोळ्या झाडताना बघितलं म्हनतात, तर बंदूक कंच्या खांद्याला व्हती?”

विचारायची गरज नव्हती. साहेबाला तेवढं मराठी येत होतं. धर्माजीकडे एक क्षण बघून तो म्हणाला, “दाहिना. हमारे सब जवान दाहिने से चलाते हैं.”

“मंग तो न्हवं,” गोदू म्हणाली. तिने शिपाई पायरीवर ठेवला. “आत्या, साहेब दुसऱ्याच कोणाचं सांगतात. डाग आसंल कोणाच्या तरी गालाला. पन आपला मानूस न्हवं.”

आवडाबाईचा हात बांगड्यांवरून निघाला. “डावरा माझा भागू,” ती म्हणाली. “डुकरावर बार काढायचा तो डाव्यानं. सारा गाव हसायचा त्याला.” आणि ती खरोखरच हसली. बारा वर्षांत धर्माजीने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. “बघ, मी म्हनत व्हते न्हवं? तो हाय. कुठंतरी हाय.”

त्या वेळी धर्माजीने तोंड उघडायला हवं होतं. साहेब नारळीच्या पलीकडे समुद्राकडे बघत उभा होता. आई पदराने डोळे पुसत हसत होती. गोदू आधीच गाडीकडे चालू लागली होती, तिची पाठ दिसत होती. आणि ती पाठ पाहून धर्माजीला कळलं की तिला खरंच सुटायचं होतं, आणि तिने आत्ता स्वतःच्या हाताने ते दार लावून घेतलं होतं, कारण तिला खोट्यावर सुटायचं नव्हतं.

पोयनाड यायच्या आधी बैल पाणी प्यायला थांबवले तेव्हा त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, तळवा, मातीचं घर, चेहऱ्यावर नसलेला ओरखडा, भिंत. शिपाई आधी कसा केला होता आणि साहेबाच्या सांगण्यावरून मग कसा बदलला तेही.

आवडाबाई ऐकत होती. त्याचं संपल्यावर ती म्हणाली, “बाहुला तू केलास. आधी डावरा केलास म्हनतोस, मंग उजवा केलास. साहेबासाठी खोटं केलंस न्हवं?”

“व्हय, आये.”

“मंग आता ह्ये कोणासाठी करतोस?” तिने गोदूच्या दिशेला तोंड वळवलं. “हिला त्या हिरामनाकडं धाडायचीय म्हणून?”

तो पुष्कळ बोलला. शपथा घेतल्या. जितका बोलला तितकं ते बनवलेलं वाटत गेलं, त्याचं त्यालाही. आई चुलीपुढे बसून एखादं गाऱ्हाणं ऐकावं तशी ऐकत होती आणि शेवटी तिने बैल जुंपायला सांगितलं.

गाडी चालू झाल्यावर गोदू मागून उतरली आणि बैलांचा कासरा धरून चाललेल्या धर्माजीबरोबर पायी चालू लागली. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, “तेंनी साहेबांना सांगितलंच न्हाय? डावरा हाय म्हणून?”

“न्हाय.”

“न्हायच सांगनार,” ती म्हणाली. “लगीन झाल्यावर पयले कैक महिने माझ्यासमोर उजव्या हातानं जेवला. भात सांडायचा. मला वाटायचं ह्याला जेवायबी येत न्हाय. मी हसले एकदा, तर पानावरनं उठून गेला.” थोडं चालून ती म्हणाली, “मेला तो. माझी खातरी पटली.”

घरी पोहोचल्यावर तिने अंगणातच, गाडीतून सामान उतरायच्या आधी, पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. बांगड्या दगडावर फोडल्या. आवडाबाईला दिसत नव्हतं, पण आवाज कळला. ती ओरडली नाही. तिने गोदूचं नाव घेऊन विचारलं, की माझ्या पोराला मारायचा हक्क तुला कोणी दिला. त्या दिवसापासून ती गोदूच्या हातचं पाणी प्यायली नाही. गावकीतही दोन तट पडले. एक म्हणे सासूने पुसलं नाही तेव्हा ते पुसणं नव्हे. दुसरा म्हणे बारा वर्षं झाली, आता पुरे. पळसाच्या पानांचा माणूस झालाच नाही. त्याच्यासाठी कोणी चिता रचली नाही. गोदू माहेरी गेली आणि माघाच्या वद्यात हिरामणाशी तिचा पाट लागला, चारचौघांत, मंगलाष्टकांशिवाय, पाट लागतो तसा. भागोजीच्या घरातलं कोणी गेलं नाही. धर्माजी नागोठण्यापर्यंत गेला, वेशीबाहेर उभा राहिला आणि परत आला.

साहेबाकडचं काम त्याने अर्धवट टाकलं. बोलावणं आलं, तो गेला नाही. पुढच्या भाद्रपदात पेणेत त्याने पूर्वीसारखीच आखणी केली, आणि हात पूर्वीसारखाच चालला. त्याला याची भीती वाटली होती की हात चालणार नाही. तो चालला तेव्हा जास्तच वाईट वाटलं.

गणपती विसर्जन करून तो गावी आला तेव्हा आई ओटीवर बसून भात पाखडत होती. आता तिला सुपातलंही दिसत नव्हतं. हाताने चाचपून ती खडे काढी. धर्माजी तिच्याशेजारी बसला. तिने त्याला पेणेचं विचारलं, पावसाचं विचारलं. मग सूप मांडीवरून खाली ठेवून ती म्हणाली, “एक सांग, धर्मा. तू शाना हायस, साहेबाकडं राहिलेला हायस.”

“काय, आये?”

“भागू आला म्हंजे इचारील, माझी बायको कुठं हाय. त्याला मी काय सांगू?”

धर्माजीने सूप उचललं आणि तो खडे वेचू लागला. आई उत्तराची वाट बघत तशीच बसून राहिली, चेहरा त्याच्याकडे करून.